कसब आणि करार : सर्जनशील व माध्यम-व्यवसायांच्या शिक्षणाविषयी

चित्रपट, नाटक, दूरचित्रवाणी, वृत्तपत्र, प्रकाशन, जाहिरात, ध्वनिमुद्रण, अ‍ॅनिमेशन, संगणकीय खेळ आणि उपयोजित चित्रकला या व्यवसायांना आज ‘सर्जनशील आणि माध्यम-उद्योग’ असे एकच नाव दिले जाते. ज्या व्यवसायात विकली जाणारी वस्तू मुख्यतः कोणाच्या तरी कल्पनेतून व कसबातून घडते आणि तिच्यावरचा हक्क स्वामित्वहक्काच्या कायद्याने ठरतो, तो व्यवसाय या नावाखाली येतो. ब्रिटिश सरकारने १९९८ मध्ये अशा तेरा क्षेत्रांची आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही संज्ञा निरनिराळ्या देशांच्या धोरणांत रुळली. परंतु तिने निर्देशिलेले काम महाराष्ट्रात त्यापूर्वी दीड शतक चालू होते, आणि ते करणारी माणसे घडवण्याच्या रीतीही इथे जवळजवळ तितक्याच जुन्या आहेत. त्या रीती कोणत्या, त्यांनी काय दिले आणि कोणाला नाकारले, आणि आज या व्यवसायांत उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी करून घ्यायची तर त्यांतले काय घ्यावे व काय नव्याने उभारावे, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि पुढच्या काही दशकांत गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० मध्ये संगीत नाटकाला जे रूप दिले, त्याबरोबर मंडळी ही एकाच वेळी नाट्यसंस्था, वसतिगृह आणि शाळा झाली. कोवळ्या वयात मंडळीत दाखल झालेला मुलगा तालीममास्तराच्या, म्हणजे भूमिका बसवून घेणाऱ्या शिक्षकाच्या, हाताखाली शिके. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून जितके मोठे, तितकेच तालीममास्तर म्हणूनही मोठे मानले जातात. या मुलाला शब्दोच्चार, पदे आणि हालचाल शिकवली जाई, पण त्याच बिऱ्हाडात राहून तो पडदे रंगवणे, रंगभूषा, मुक्कामाची बांधाबांध, तिकिटांची विक्री आणि डोक्यावरचे कर्ज हेही जवळून पाही. तमाशाच्या फडात हे आणखी ठळकपणे घडत असे. जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा समित्यांची माणसे तेथे येतात आणि घासाघीस होऊन खेळाची सुपारी, म्हणजे मानधनाचा करार, ठरते. ज्या घरात भाऊ-बापूंसारखे फडमालक आणि विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावंत झाल्या, त्या घरातील मुलाला ढोलकीचा ठेका आणि सुपारीचा भाव यांचे ज्ञान एकाच अंगणात मिळत असे. त्या उमेदवारीत कसब आणि व्यवहार हे दोन विषय नव्हते.

या परंपरेचे गुण सांगताना तिची किंमत विसरणे हा मोठा अन्याय ठरेल. नाटक मंडळ्यांचे दार दीर्घकाळ स्त्रियांना बंद होते आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. फडातील कला ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या शिक्षणाला ‘शिक्षण’ हे नाव कोणी दिले नाही. ते त्यांच्या जन्माचे काम समजले गेले आणि प्रेक्षागृहात टाळ्या देणाऱ्या समाजाने बाहेर प्रतिष्ठा दिली नाही. उमेदवाराला वेतन मिळेलच याची खात्री नसे, विद्या गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि मंडळी बुडाली की शिकलेल्या माणसाच्या हाती कसलाही पुरावा राहत नसे. उमेदवारीच्या पद्धतीचे आज जे गौरवीकरण पुन्हा होऊ लागले आहे, त्याला हा इतिहास ठामपणे सांगितला पाहिजे.

मूकपटाच्या काळात ही रीत कारखान्यात शिरली. दादासाहेब फाळके यांना चित्रपट कोणी शिकवला, याचे उत्तर एका संस्थेच्या नावाने देता येत नाही. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना आणि १९१२ मधील लंडनची भेट अशा पाच-सहा ठिकाणांहून गोळा केलेले कसब ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली एकत्र आले. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे पडदे रंगवणारे बंधू चित्रपटाच्या ध्यासाने कॅमेराच तयार करायला बसले. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो पुरा केला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत शांताराम तयार झाले, दामले आणि फत्तेलाल तयार झाले, आणि त्यांनी मिळून १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये पुण्यात आल्यावर ‘प्रभात’चा स्टुडिओ हा मासिक पगारावर चालणाऱ्या विभागांचा कारखाना बनला, जेथे कला, ध्वनी, छायाचित्रण आणि रसायनशाळा एकाच आवारात असल्याने नवख्याला एका विभागातून दुसऱ्यात डोकावता येई. १९४४ मध्ये करारावर दाखल झालेले गुरुदत्त यांची चित्रपटातील सुरुवातही याच आवारात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्रपटागणिक पैसा उभा करून चित्रपटागणिक माणसे घेण्याची पद्धत रूढ झाली, पगारी स्टुडिओ टिकेनासे झाले आणि ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली. तिच्याबरोबर नोकरीतच शिकण्याची सोयही गेली, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात जितकी नोंदली जाते तितकी शिक्षणाच्या इतिहासात नोंदली जात नाही.

दुसरी परंपरा शाळेची, आणि तिचा आरंभ या कारखान्यांच्याही आधीचा. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत निघालेल्या जे. जे. कलाशाळेचा हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर हिंदी कारागिरीविषयी जी आस्था आणि चिंता निर्माण झाली, तिच्यातून कारागिराचा हात आणि रुची सुधारावी असा तो विचार होता. १८६५ मध्ये आलेले लॉकवुड किपलिंग शिल्पालंकरण शिकवीत आणि उभ्या राहत असलेल्या मुंबईच्या इमारतींवर, बोरीबंदरच्या स्थानकावरसुद्धा, विद्यार्थ्यांच्या हातचे काम चढे. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. शहराचे बांधकाम आणि वर्गातील अभ्यास यांचे इतके थेट नाते नंतर क्वचितच दिसते. पुढे शाळेचा ओढा प्रतिष्ठित ललित चित्रकलेकडे वळला, तरी महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखा याच शाळेत शिकलेला आणि शिकवणारा चित्रकार पोस्टकार्डे, भित्तिपत्रके आणि पुस्तकांतील चित्रे तितक्याच मनापासून करीत राहिला. १९३५ मध्ये ‘कमर्शियल आर्ट’ म्हणजे जाहिरात व छपाईसाठी लागणाऱ्या चित्रकलेचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६१ मध्ये त्याची उपयोजित कला संस्था झाली. ललित आणि उपयोजित असे दोन कप्पे पडले. कप्प्यांमुळे अभ्यासक्रम नेमका झाला, हे खरे. पण पोट भरणारी कला खालच्या पायरीवरची, हा समजही त्यामुळे घट्ट झाला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

शाळेबाहेर शिकवणारी तिसरी जागा म्हणजे मराठी छापील जग. जावजी दादाजी मुलपणी मुंबईच्या मिशन छापखान्यात कामाला लागले, तेथे अक्षरे पाडण्याचे काम शिकले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना नावारूपाला आणला. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्या प्रथेने शेकडो कथाकार, व्यंगचित्रकार, मुखपृष्ठकार, मुद्रितशोधक आणि संपादक घडवले. मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल यांची चित्रे घराघरांत गेली ती याच वाटेने. दिवाळी अंकाला शिक्षणसंस्था म्हणण्याची पद्धत नाही. तरीही ठरलेल्या तारखेला मजकूर देणे, जागेच्या मापात लिहिणे, संपादकाचा नकार पचवणे आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिहिणे या गोष्टी मराठी लेखकाला अन्य कोठे इतक्या नियमाने शिकायला मिळाल्या असे दिसत नाही. पत्रकारितेचे रीतसर शिक्षण इथे उशिरा आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले नानासाहेब परुळेकर यांनी १९३२ मध्ये ‘सकाळ’ सुरू केला, तेव्हा बातमी हीच वृत्तपत्राची मुख्य वस्तू आहे हा विचार त्यांनी येथे रुजवला. पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग, जो रानडे इन्स्टिट्यूट या वास्तूच्या नावानेच ओळखला जातो, १९६४ मध्ये उभा राहिला.

चौथी धारा चित्रपटशिक्षणाची. जगात ती मॉस्कोत १९१९ मध्ये सुरू झाली आणि भारतात ती १९६० मध्ये ‘प्रभात’च्याच आवारात आली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला लाभलेली जागा ही योगायोगाने मिळालेली इमारत असली, तरी तिने शिक्षणाचे स्वरूप ठरवले: तयार चित्रीकरणमंच, रसायनशाळा आणि दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांचे वेगवेगळे वर्ग. १९६४ मध्ये शेजारी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, त्यामुळे जगभरचा चित्रपट पाहणे हाच अभ्यासाचा गाभा झाला. ऋत्विक घटकांनी साठच्या दशकात येथे शिकवले आणि चित्रपट ही दिग्दर्शकाची स्वतःची अभिव्यक्ती आहे, या विचाराला विद्यार्थ्यांच्या मनात पक्के स्थान मिळाले. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही येथे आले. मराठी चित्रपटाला या संस्थेचे देणे मोठे आहे. ‘वळू’चे दिग्दर्शक उमेश कुलकर्णी हे त्याचे एक सहज आठवणारे उदाहरण. तरीही येथील शिक्षणाने विद्यार्थ्याला स्वतःचा चित्रपट करायला शिकवले आणि दुसऱ्याच्या चित्रपटात, दुसऱ्याच्या पैशाने, ठरलेल्या शिफ्टमध्ये काम करण्याचे ज्ञान त्याने बाहेर जाऊन मिळवावे असे गृहीत धरले. हा दोष एका संस्थेचा नाही. ज्या शिक्षणाने कलेला बाजारापासून जपायचे ठरवले, त्या सगळ्याच शिक्षणाने कलावंताला बाजारात निःशस्त्र पाठवले.

उरलेल्या वाटांची नोंद थोडक्यात पुरे. फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी अ‍ॅनिमेशन शिकवले आणि त्यातून राममोहन यांच्यासारखे कलावंत पुढे आले. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मधली, मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्र १९६९ मधले. या केंद्रात शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षररचनेला संगणकाच्या पडद्यावर नेले. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून नाटक, संगीत आणि नृत्य शिकवते. पुण्यात १९६३ पासून चालू असलेली पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा आणि १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा यांनी, कसलीही पदवी न देता, रंगभूमी आणि पडदा यांना जितकी माणसे पुरवली तितकी फार थोड्या महाविद्यालयांनी पुरवली असतील. नव्वदीनंतर खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग संकलन, थ्रीडी व ग्राफिक्सची सॉफ्टवेअरे शिकवणारे वर्ग शहरोशहरी निघाले. ते गरजेतून आले, त्यांनी अनेकांना पहिली नोकरी मिळवून दिली. परंतु साधन शिकवणे म्हणजे कसब शिकवणे नव्हे, आणि साधन बदलले की त्या विद्यार्थ्याला पुन्हा फी भरावी लागते.

या सर्व वाटांच्या मागे शिक्षणाविषयीचे निरनिराळे विचार आहेत. एक विचार उमेदवारीचा: काम करता करता काम येते. दुसरा कलाशाळेचा: हात, डोळा आणि रुची यांची क्रमवार घडण हवी. १९१९ मध्ये वायमारला निघालेल्या बाउहाउसने कारागीर आणि कलावंत यांतला भेद पुसण्याचा जो प्रयत्न केला, त्याची छाप भारतातील अभिकल्प-शिक्षणावर स्पष्ट आहे. तिसरा विचार विद्यापीठाचा, ज्याची मुळे अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी चाळीसच्या दशकात केलेल्या ‘संस्कृती-उद्योगा’च्या चिकित्सेत सापडतात: माध्यमे समाजाला कशी घडवतात आणि कोणाच्या हितासाठी चालतात, हे आधी समजून घ्यावे. चौथा रोजगारक्षमतेचा, म्हणजे उद्योगाला आज काय हवे ते शिकवावे. या विचारांचे समर्थक एकमेकांकडे संशयाने पाहतात. चिकित्सा शिकवणारा प्राध्यापक कौशल्यवर्गाला तुच्छ लेखतो आणि कौशल्यवर्गाचा चालक चिकित्सेला वेळेचा अपव्यय समजतो. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका अशी आहे की या वादात सर्वच बाजूंनी एक प्रश्न सोडला: हे काम करणाऱ्या माणसाने कोणत्या अटींवर काम करावे.

तो प्रश्न आज टाळता येणार नाही, कारण या व्यवसायांतील बहुसंख्य तरुण नोकर नाहीत. नाटकातील नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’, म्हणजे मानधन, मिळते, मालिकेतील कलाकाराला दिवसागणिक मानधन ठरते आणि ते हाती येण्यास तीन महिने लागणे हे नेहमीचे समजले जाते, मुखपृष्ठकाराला कामागणिक पैसे मिळतात, पटकथालेखकाला मसुद्यागणिक. अशा माणसाचा खरा नियोक्ता म्हणजे त्याने सही केलेला कागद. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकरीत असताना केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, सामान्यतः नियोक्ता ठरतो. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद केला नाही तर तो भारतापुरता धरला जातो. आणि हक्क विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव असण्याचा व तिची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा खास हक्क शिल्लक राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार व लेखक यांना चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त अन्य वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा वाटा निर्मात्याला लिहून देता येणार नाही अशी तरतूद केली. ही चार वाक्ये ज्या विद्यार्थ्याला माहीत आहेत आणि ज्याला माहीत नाहीत, त्या दोघांचे कसब सारखे असले तरी दहा वर्षांनंतरची स्थिती सारखी राहत नाही. तरीही अनेक अभ्यासक्रमांत त्यांना एखाद्या पाहुण्या व्याख्यानापलीकडे जागा नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवस काम बंद ठेवले आणि मिळवलेल्या करारात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर मर्यादा घालून घेतल्या. त्याच वर्षी नटांनीही आपल्या चेहऱ्याच्या व आवाजाच्या संगणकीय प्रतिकृतींसाठी संमतीची अट मिळवली. मजकूर, चित्र आणि आवाज निर्माण करणारी यंत्रणा सर्वांच्या हाती आल्यामुळे प्रथम धोका येतो तो नवख्याच्या कामाला: प्राथमिक मसुदा, साधे संकलन, फुटकळ रेखाटने, डबिंगमधील छोटे आवाज. हीच कामे करून आजवर नवखा माणूस शिकत आला. ती कामे यंत्राकडे गेली तर उमेदवारीची पहिली पायरीच नाहीशी होईल, आणि मग शिक्षणसंस्थेला ती पायरी स्वतःच्या आवारात बांधावी लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत, तसेच मुंबईत अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि संगणकीय खेळ यांसाठी राष्ट्रीय पातळीची नवी संस्था २०२५ मध्ये सुरू झाली आहे. ही संधी मोठी आहे. तिच्यातला धोकाही तितकाच स्पष्ट सांगायला हवा: श्रेयांकाच्या नावाखाली विद्यार्थ्याला फुकट राबवून घेतले तर नाटक मंडळीतल्या बिनपगारी उमेदवारीचेच ते नवे रूप होईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले आहे. तेच तत्त्व स्टुडिओत, वृत्तकक्षात आणि जाहिरात संस्थेत का लागू नसावे, हे विचारण्याचा अधिकार महाविद्यालयांना आहे आणि त्यांनी तो वापरावा.

शिक्षण कोठे आणि कोणत्या भाषेत मिळते, हा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. संस्था मुंबई-पुण्यात साठल्या आहेत, त्यांतील तांत्रिक अध्यापन बहुतांशी इंग्रजीत चालते, आणि कॅमेऱ्याची भाडी व शहरातली घरभाडी मिळून कोणाला शिकता येईल हे आधीच ठरते. नागराज मंजुळे यांनी संज्ञापनाचे शिक्षण तेव्हाच्या अहमदनगरमधील न्यू आर्ट्‌स महाविद्यालयात घेतले आणि त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; त्यानंतर ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांनी मराठी पडद्याचा भूगोल बदलला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विभागाने उघडलेले दार किती दूर नेते, याचा यापेक्षा ठोस दाखला द्यावा लागत नाही. असे विभाग सोलापुरात, नांदेडला, अमरावतीत, रत्नागिरीत आणि गोव्यातही सक्षम व्हावेत, तर त्यांच्या शिक्षकांना मराठीत वापरता येतील अशी पाठ्यसाधने हवीत, आणि ती आज फारच तुटपुंजी आहेत.

प्रस्तुत ग्रंथ ती उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न करतो. तो कोणत्याही एका सॉफ्टवेअरची पुस्तिका नाही आणि व्यवसाय-मार्गदर्शनाची यादीही नाही. प्रत्येक व्यवसायात काम हाती येण्यापासून मोबदला मिळेपर्यंतचा क्रम कसा असतो, त्यात कोणते कसब लागते, कोणता कागद लागतो आणि कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावे लागते, हे तो एकत्र मांडतो; म्हणून त्यात पटकथेच्या रचनेशेजारी पटकथेच्या कराराचा आणि मुखपृष्ठाच्या आराखड्याशेजारी बिलाचा नमुना आढळेल. व्यवसायात रुळलेल्या संज्ञा, जशा ब्रीफ, शोरील, कॉल टाइम, सुपारी, नाइट, जशाच्या तशा ठेवून पहिल्या वापरावेळी उलगडल्या आहेत, कारण कामाच्या जागी विद्यार्थ्याच्या कानावर हेच शब्द पडणार आहेत. लोककलांच्या फडांना येथे परिशिष्टात न टाकता शिक्षणाच्या मुख्य इतिहासात स्थान दिले आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेचा विचार, विशेषतः केरळमध्ये मलयाळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीविषयीचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर, स्वतंत्र सदिच्छा म्हणून न येता कामाच्या अटींचा भाग म्हणून आला आहे. संगणकीय खेळ आणि ध्वनिपुस्तके या क्षेत्रांचे विवेचन तुलनेने त्रोटक आहे, कारण मराठीत त्यांची कामाची घडी अजून बसते आहे. वर्गात हा ग्रंथ वापरणाऱ्या शिक्षकांनी त्यातील करारांचे नमुने आपल्या गावातील एखाद्या छापखान्याच्या, नाट्यसंस्थेच्या किंवा स्थानिक वाहिनीच्या प्रत्यक्ष कागदांशी ताडून पाहावेत, आणि जेथे फरक आढळेल तेथे तो फरक हाच त्या दिवसाचा पाठ करावा, अशी अपेक्षा आहे.